नुकमाम सोडल्यानंतर

फान थिएत, १४ जानेवारी

हिएन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. पत्र तू काम करतेस त्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. औषधाच्या दुकानात आलेलं पाकीट कुणी न उघडता फेकत नाही, एवढा मला भरवसा आहे.

मी दुसरीपर्यंतच शाळेत गेले. पुढचं वाचन बाटल्यांना गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर झालं, त्यामुळे माझी वाक्यं कधीकधी बातमीसारखी होतात. चालवून घे.

बातमी अशी की तुझे बाबा गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसापासून मी मांस, मासे, अंडी, दूध सगळं सोडलं आहे. नुकमामसुद्धा. नवरा गेलेली बाई त्याच्या पुण्यासाठी असं करते, त्यात नवल नाही. पण मासळी मुरवून नुकमाम काढणाऱ्या घरात राहून तेच सोडणारी, आपल्या गल्लीत मी पहिलीच. सकाळी मागचं दार उघडलं की आधी बारा पिंपांचा वास आत येतो आणि मग उजेड. तोंडाला पाणी सुटतं. ते गिळते आणि मूग निवडायला बसते.

पुण्याचं काय व्हायचं ते होवो, पोटाचं आत्ताच कळतं आहे. मूग, सोयाबीन, टोफू, पुन्हा मूग. दुपारनंतर पोट ढोलासारखं ताणतं. महिन्याच्या पहिल्या तिथीला विहारात सगळ्या बायका डोळे मिटून क्वान आम देवीचं नाम घेत होत्या आणि माझ्या पोटाने मध्येच स्वतःचं सूत्र सुरू केलं. लुआताई शेजारी बसली होती. डोळे न उघडता म्हणाली, "क्वान आमने ऐकलं गं, आता बस कर." सगळी रांग हसून हलायला लागली. मीही हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि तेही अशा कारणाने.

तू दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतेस. त्यातलीच एक म्हणून माझी ऐक. पोटफुगीवर काय घ्यावं? दुपारी चारला भूक लागते, ती भाताने भागत नाही, हात कापायला लागतात. त्यावर काय करावं?

त्या दिवशी तू दारात उभी होतीस आणि माझ्या हातात चमचा होता, त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

आई


फान थिएत, २३ फेब्रुवारी

हिएन,

तुझा कागद मिळाला. अर्धाच आहे. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. कुठल्याही गिऱ्हाइकाला देतेस तसा.

पण सगळं केलं. कडधान्य रात्रभर भिजवते, ते पाणी फेकते, शिजवताना आलं घालते. टोफू थोडा थोडा खाते. चारच्या आधी मूठभर शेंगदाणे आणि तीळ. पालेभाजीवर लिंबू. तू लिहिलेली बी-बाराची गोळी आणली; डबीवरची अक्षरं इतकी बारीक की बाबांचं भिंग काढावं लागलं. पोट पुष्कळ उतरलं आहे. लुआताई म्हणते, विहारात आता करमत नाही.

'चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने' याच्याखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. मी त्या रेघांकडे बराच वेळ पाहिलं. अशी रेघ माणूस रागाने मारतो किंवा काळजीने. तुझी कुठली ते मला ठरवता आलं नाही.

आता पोट सोडून दुसरं सुरू झालं आहे. ओठांचे कोपरे चिरलेत, हसलं की रक्त येतं. हल्ली हसूच फारसं येत नाही. पिंपाच्या शिडीवर चढले की तिसऱ्या पायरीला डोळ्यांपुढे अंधारी येते.

नवं वर्ष आलं आणि गेलं. बाबांचा शंभरावा दिवसही झाला. तुझी वाटी मांडली होती. उतआत्या म्हणाली, "वहिनी, उचल ती, माश्या बसताहेत."

आई


फान थिएत, २० एप्रिल

हिएन,

आज पोटाचं नाही, पिंपाचं लिहिते.

बाबा लोकांना सांगायचे, पिंप माझं आणि जीभ हिची. मांदेली आणि मीठ ते भरायचे. तोटी कुठल्या दिवशी सोडायची ते मी सांगायचे. काडीच्या टोकावर एक थेंब, तो जिभेवर, मग थुंकायचं. खारटपणा ओसरल्यावर मागून गोडी आली की पिंप तयार. ती गोडी नाकाला कळत नाही, हे मला या वर्षी समजलं. जिभेला लावायचं नाही म्हणून मी सातव्या पिंपाचा नुसता वास घेतला आणि म्हटलं, सोडा. चाळीस कॅन बाजारात गेले आणि चार दिवसांत परत आले. खारट, आणि वर कच्च्या मांदेलीचा दर्प.

उतआत्या कंबरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली.

"वहिनी, जिभेवर ठेवायचं आणि थुंकायचं. थुंकलेला थेंब कुणाच्या पोटात जातो? जमिनीच्या!"

"जिभेला लावणार नाही असं बोलून गेले मी."

"मग बुद्धालाच बोलाव तोटीपाशी. त्याची जीभ मोकळी असेल तर."

"उत, असलं बोलू नये."

"धर्म तुझा आहे, पण कामाला येणाऱ्या चार बायका माझ्या भरवशावर येतात. त्यांना काय तुझे मूग वाटू?"

तिचं चुकलं नाही. मी विहारात गेले आणि तिथल्या भिक्षुणी सू-को ह्वे ताम यांना विचारलं, थुंकलं तर खाल्लं होतं का? त्या झाडत होत्या. झाडू थांबवून म्हणाल्या, "तुम्ही शब्द काय वापरले होते?"

"मासा, मांस, नुकमाम जिभेला लावणार नाही."

"मग लावू नका. पोटात घालणार नाही म्हणाला असतात तर वेगळं होतं. शब्द तुम्ही निवडलेत."

"यातून सुटका नाही?"

"बांधलं मी नव्हतं. मी फक्त समोर होते."

मी त्या दिवशी जे बोलले त्याचा आणखी अर्धा भाग आहे. तो सू-कोंनी काढला नाही आणि मीही इथे लिहीत नाही.

आता शेजारच्या वखारीतले म्हातारे खिएम येऊन चव घेतात. काडी बुडवतात, डोळे मिटतात, मान हलवतात. माझी चप्पल दुसरंच कुणी घालून चालल्यासारखं वाटतं. मी शिडी धरून खाली उभी असते. चक्कर अजून येते, पण कमी.

आई


फान थिएत, १७ जून

हिएन,

उतआत्याने तुला फोनवर सांगितलं. मला ते तुझ्या पत्रातून कळलं, तिच्याकडून नाही.

या वेळी वर 'आई' लिहिलंस. त्याच्या खाली लिहिलंस: 'मी घरात पाऊल ठेवेपर्यंत तू मासळीला शिवणार नाहीस, असं सगळ्यांसमोर बोललीस. म्हणजे दोरी माझ्या पायाला बांधलीस आणि दुसरं टोक स्वतः गिळलंस. आता मी आले तर तुझ्या पोटासाठी आले, आणि नाही आले तर तुला सुकवून मारलं. बाबांच्या वेळीही तूच परस्पर ठरवलंस. आताही तूच.'

खरं आहे.

एकोणपन्नासाव्या दिवशी सू-को पाठ म्हणत होत्या आणि तुझी जागा रिकामी होती. मला रडू येईना. रडू येत नाही म्हटल्यावर काहीतरी करावंसं वाटलं, आणि मी ते मोठ्याने बोलले. मनात बोलले असते तर आज मनातच मोडता आलं असतं. मागे सात बायका बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीला ठाऊक झालं.

तेव्हापासून माझ्या वाटीवर सगळ्यांचा डोळा असतो. लुआताई दर दोन दिवसांनी टोफू घेऊन येते आणि आधी पातेल्याचं झाकण उचलते. "आली का गं पोर?" नाही म्हटलं की, "दगड आहे दगड! इकडे आई वाळून काडी झाली." तू दगड नाहीस हे मला माहीत आहे. पण मी ते तिला सांगितलं नाही. मी टोफू ठेवून घेतला. मी गप्प बसते म्हणून त्या तुला बोलतात, आणि त्या तुला बोलतात तेव्हा कुणीतरी माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

आता असं झालं आहे की व्रत मोडलं तर लोक म्हणतील, हिने पोरीची आशा सोडली. पाळलं तर तुझा फास आवळतो. दोन्हीकडून दार बंद, आणि कडी माझ्याच हातची.

तळपायांना मुंग्या येतात. हे लपवणार होते, पण आता लपवण्यात अर्थ नाही. गोळी मी मध्ये दोन महिने घेतलीच नव्हती. औषध घेऊन बरं वाटायला लागलं तर मी सोडलं तरी काय, असं मनात आलं होतं. तू रागावशील. रागाव. पुन्हा रोज घ्यायला लागले आहे.

आई


फान थिएत, सातव्या महिन्याची पौर्णिमा

हिएन,

आज सगळं गाव एक दिवस शाकाहारी आहे. बाजारात कमळाच्या बिया मिळेनाशा झाल्या. विहाराच्या दारात मुली ताटात गुलाब घेऊन उभ्या होत्या. आई असलेल्याला लाल, नसलेल्याला पांढरा. माझ्या छातीवर नेहमीप्रमाणे पांढरा लावला. तू राहतेस तिथे, दा लातलाही लावत असतील. तू कुठल्या ताटाकडे हात केलास, ते मला विचारायचं नाही. तरी विचारते आहे.

तब्येतीचं सांगते. केस गळायचे थांबले. ओठ भरून आले. शिडी चढते, अंधारी येत नाही. मुंग्या गेल्या. अंगाला हलकं वाटतं, सकाळी पोट साफ होतं. अननस आणि मीठ मुरवून एक शाकाहारी नुकमाम करून पाहिलं, बरं झालं आहे. उतआत्याने नाक मुरडलं आणि अर्धी बाटली भातावर ओतून घेतली. "मासा नाही यात, पण लबाडी चांगली जमली आहे," म्हणाली.

आणि मला भीती वाटते. पोट दुखायचं तेव्हा वाटायचं, काहीतरी फेडते आहे. आता अंगाला सवय झाली. मासळीवाचून राहायची झाली तशी तुझ्यावाचून राहायचीही होईल. परवा दुपारी मी टोफू परतत होते आणि गुणगुणत होते. लक्षात आलं तेव्हा गॅस बंद करून तशीच उभी राहिले.

त्या चमच्याबद्दल लिहायला हवं. डॉक्टरांनी बाबांचं मीठ बंद केलं होतं, नुकमामचं नावही काढायचं नव्हतं. मूत्रपिंडं थकली होती. मी त्यांना एकदा दिलं. त्यांनी मागितलं म्हणून एकदा दिलं, आणि नेमकं तेव्हाच तू पाहिलंस.

आई


फान थिएत, १३ ऑक्टोबर

हिएन,

गेल्या पत्रात 'एकदा' लिहिलं. ते खोटं होतं. आठ दिवस दिलं.

त्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता थोडेच दिवस आहेत. तुला ते मी सांगितलं नाही. तू पथ्याचा कागद भिंतीला चिकटवला होतास. मीठ बंद, पाणी मोजून. तुझा चेहरा असा होता की कागद नीट पाळला तर ते उठून पिंपावर चढतील. तुझ्या हातची बिनमिठाची पेज ते गालात धरून ठेवायचे आणि तू वळलीस की रुमालात सोडायचे. तीन दिवस मी ते रुमाल धुतले. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "तिसऱ्या पिंपातलं थोडं आण ना. असं उपाशी नको पाठवूस मला."

मी पेजेत अर्धा चमचा घातलं. वाटी संपली. मग जीभ टाळ्याला लावून म्हणाले, "घाई केलीस. अजून एक महिना ठेवायचं होतं हे." उठून बसता येत नव्हतं, पण पिंपातली चूक काढली. त्यानंतर तू बाजारात गेलीस की रोज अर्धा चमचा. असं देऊ लागल्याच्या आठव्या दिवशी तू छत्री विसरलीस म्हणून परत आलीस.

"तू मारते आहेस त्यांना," असं म्हणालीस. दोन दिवसांनी ते गेले. मी तुला तेव्हा उत्तर दिलं नाही, आणि नंतर वर्षभर मूग खाऊन उत्तर देत राहिले.

मला त्या चमच्याचा पश्चात्ताप नाही, हिएन. ती वाटी पुन्हा समोर आली तर मी पुन्हा घालेन. दिवस कमी आहेत हे तुझ्यापासून लपवलं, ते मात्र वाईट केलं. तुलाही त्यांच्याजवळ नुसतं बसता आलं असतं. मी तुला पथ्य सांभाळायला लावलं. त्याची माफी मागायला हवी होती ती तुझी. मी ती क्वान आमकडे मागत बसले, वर तुझं नाव त्यात अडकवलं.

काल विहारात गेले. सू-कोंना म्हटलं, जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच सोडायचं आहे. त्यांनी त्या सातही जणींना बोलावून घेतलं.

"हिएन आली?" सू-कोंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"ती न येताच सोडते आहे. तिने यावं म्हणून मी उपाशी राहणं बरोबर नाही. आणि ज्यासाठी हे प्रायश्चित्त धरलं, ते मला पाप वाटतच नाही." मग ते आठ दिवस सांगितले. तुला आत्ता लिहिले तसेच.

 मग लुआताई म्हणाली, "म्हणजे माझा दहा महिन्यांचा टोफू वाया?"

"वाया कसा? मी खाल्ला ना."

"आणि मी त्या पोरीला दगड म्हणत राहिले, तेव्हा तू तोंडात काय धरून बसली होतीस?"

"तुझा टोफू."

ती हसली नाही. उठून पाय आपटत गेली. आज रस्त्यात भेटली तरी बोलली नाही. बोलेल, किंवा नाही बोलणार. सू-कोंनी मला तीनदा नमस्कार करायला लावला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी काही बोलण्याआधी घरी जाऊन झोपा."

घरी आले ती सरळ आठव्या पिंपाशी. खिएमबाबांच्या हातातून काडी घेतली. जिभेवर थेंब ठेवला, थुंकले. खारट, खारट, आणि मग गोडी. "दोन आठवडे थांबा," म्हटलं. म्हातारे म्हणाले, "मी एक म्हणणार होतो." त्यांची जीभ चांगली आहे, पण घाई करते. रात्री मासळीचं पातळ कालवण घेतलं आणि आज सकाळपासून पोट बिघडलं आहे. याच्यावर काय घ्यायचं ते तुला विचारत नाही. पेज घेईन, आपोआप उतरेल. यापुढे पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला शाकाहार करेन, सगळ्यांसारखा. खरं म्हणजे तो मला आवडायला लागला आहे.

बाबांचं वर्षश्राद्ध अठ्ठावीस तारखेला आहे. मातीच्या भांड्यात मासा शिजवणार आहे, त्यांच्या पद्धतीचा, भरपूर मिरी घालून. तू यावंस असं मला फार वाटतं. आता ते नुसतं वाटणं आहे, त्याला कुठलीही अट जोडलेली नाही. आलीस तर मला आणखी जे सुनवायचं असेल ते सुनव, मी ऐकेन. दुपारी बाराला ताटं वाढली जातील. तू आली नाहीस तरी मी जेवणार आहे.

आई